आत कोण हाय?

त्या सिनेमाबद्दल आता बरं बोललं जातं. मध्यंतरी पुण्याहून एक दाढीवाला मुलगा माझा पत्ता शोधत आला होता. 'सातवी ओहोटी'वर त्याला काहीतरी मोठं लिहायचं होतं. काळाच्या पुढची कलाकृती, असं काहीसं म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की बाबा रे, तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कंटाळवाणा वाटला होता, आणि आत्ता तू तुझ्या फोनवर दाखवलास तेव्हाही कंटाळवाणाच वाटला. तो समजूतदारपणे हसला. असं हसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मग म्हणाला, "पण काकू, त्यातली ती बाई... शेवटच्या सीनमधला तो चेहरा! कोण होत्या त्या?" मी म्हटलं, "माझी आत्या." त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "काय विचार करून केला असेल त्यांनी तो सीन?" मी त्याला धड उत्तर दिलं नाही. चहाचा एक कप संपेपर्यंत सांगून होण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि त्याला ऐकायची होती ती गोष्ट ही नव्हेच.

आमचं घर बोईसरहून समुद्राकडे जाताना लागतं. पुढे चिकूची वाडी, मागे सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. सकाळी विहिरीवरचं इंजिन सुरू व्हायचं आणि त्याच्या फटफटीत घरातलं बोलणं ओरडून करावं लागायचं. त्यामुळे आमच्या घरात सगळेच चढ्या आवाजात बोलतात. मी लग्न होऊन गेले तेव्हा सासरच्यांना वाटलं, ही भांडतेच आहे. वारा पूर्वेचा असला की कारखान्यांचा उग्र वास यायचा, पश्चिमेचा असला की सुकत घातलेल्या बोंबलांचा. या दोन वासांमध्ये आमचं जेवण व्हायचं. आत्या तांदळाची भाकरी थापायची ती अशी की परातीवर तिच्या हाताची थाप वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. थंडीत ती उकडहंडी करायची. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, छोटी वांगी, सगळं मडक्यात भरून वर पाल्याचा बोळा कोंबायची आणि मंद आचेवर ठेवून आमच्यापैकी कोणी झाकण उचलायला गेलं की पळीनं मनगटावर मारायची. "वाफ गेली तर तू आणशील का परत?"

आत्याचं नाव कुसुम. बाबांची धाकटी बहीण. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याकडेच होती. तिचं लग्न मनोरला झालं होतं, किराणा दुकान असलेल्या घरात. लग्नाला दोन पावसाळे होतात न होतात तोच एका सकाळी तिचा नवरा दुकानाचा माल आणायला पालघरला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. ना चिठ्ठी, ना निरोप, ना प्रेत. पोलिसांत वर्दी दिली, हायवेवरचे ढाबे पाहिले, अहमदाबादेपर्यंत माणूस पाठवला. काही नाही. सासूनं गावात सांगितलं, हिनंच सकाळी सकाळी काहीतरी टोचून बोललं असणार, माझा मुलगा तसा नव्हता. आणि तो येईपर्यंत म्हणून हिला भावाकडे आणून सोडलं.

तेव्हापासून ती सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. चैत्रात हळदीकुंकू असलं की बायका तिच्यापाशी येऊन अडखळायच्या. करंडा पुढे करावा की नाही, हे कोणालाच ठरवता यायचं नाही. शेवटी आत्याच त्या वेळी मुद्दाम विहिरीवर जायची. लोकांना वाटायचं, बिचारी रडत असेल. आत्या रडकी नव्हती, रागीट होती. विहिरीवर जाऊन ती कपडे असे आपटायची की माझ्या शाळेच्या पोलक्यांची बटणं टिकत नसत.

अशा घरात अविनाश आला. पालघरच्या एका मास्तरांचा हा मुलगा, सिनेमाचं शिकून आलेला, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. त्याला आमच्या मागचा समुद्र हवा होता. आमच्याकडे अमावास्या-पुनवेच्या ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की किनाऱ्यावरून ते दिसेनासं होतं. नुसता चकाकणारा चिखल आणि खडक. त्याच्या गोष्टीत असं होतं की एक दिवस समुद्र ओहोटीला जातो आणि परत येतच नाही. गावातली माणसं किनाऱ्यावर उभी राहून वाट बघतात. जमिनीतून घूं घूं असा आवाज यायला लागतो. रोज सकाळी गावातलं एक माणूस कमी झालेलं असतं आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. सरकारचा एक शास्त्रज्ञ यंत्र घेऊन तपासायला येतो, तोही नाहीसा होतो. आणि एक बाई असते, जी रोज एक ताट जास्तीचं वाढते.

"मग समुद्र गेला कुठं?" आईनं विचारलं होतं.

"तेच तर, वहिनी," अविनाश म्हणाला.

आमच्या ओटीवर त्याच्या माणसांच्या जेवणाची सोय झाली आणि स्वयंपाक आत्याकडे आला. नवापूर आणि दांडीची माणसं गर्दीसाठी बोलावली होती. ती पहिल्या दिवशी लग्नाचे कपडे घालून, केसांना तेल चोपडून आली. अविनाशनं त्यांना परत पाठवलं, रोजचे कपडे घालून या म्हणाला. तिथंच लोकांचं तोंड कडू झालं. नंतर दिवसभर उन्हात उभं राहून समुद्राकडे बघायचं, बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. "मारामारी कधी हाय?" असं एकानं विचारलं, तर नाही म्हणाला. "गाणा तरी?" तेही नाही.

ती ताट वाढणारी बाई करायला मुंबईहून एक नटी आणली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं तिचा तळवा उभा चिरला, पाय सुजला, आणि ती जी गेली ती परत आली नाही. अविनाश डोकं धरून आमच्या ओटीवर बसला होता. आत्या त्याला वाढत होती. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघतच राहिला.

बाबा एकदम उखडले. "आमच्या घरच्या बायका सिनेमात उभ्या राहात नाय."

आत्यानं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "दादा, नुसतं उभं राहून वाट बघायची हाय. ते तर मी असंच करते."

बाबा वाडीत निघून गेले, आणि शूटिंग संपेपर्यंत त्यांनी ओटीवर पाऊल टाकलं नाही. जेवायलासुद्धा मागच्या दारानं यायचे.

शेवटचा सीन मी स्वतः पाहिला. ओहोटीच्या चिखलातून आत्या चालत चालत खूप आत जाते आणि तिला वाळूत पुरलेलं एक लोखंडी झाकण सापडतं, टाकीला असतं तसं. त्याच्याखाली काही नव्हतं, नुसता पत्रा वाळूत पुरला होता. सकाळी आमच्या वाडीतल्या गड्यानंच तो पुरला. अविनाशनं तिला सांगितलं, गुडघ्यावर बस, झाकण वाजव, मग कान लाव आणि मी सांगेपर्यंत ऐकत राहा. तिनं वाजवलं आणि कान लावला. आणि हा पठ्ठ्या काही सांगेचना. कॅमेरा चालूच. लांबून भरतीचं पाणी यायला लागलं, तिच्या पदराचं टोक भिजलं, तरी ती तशीच. किनाऱ्यावरून आई ओरडत होती, "वन्सं, उठा आता!" शेवटी एकदाचा अविनाशनं हात वर केला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय ऐकत होतीस ग एवढं?"

"काय ऐकायचं? पत्रा तापला होता, कान भाजला," ती म्हणाली आणि कानाला खोबरेल लावत बसली.

सिनेमा तयार व्हायला वर्ष गेलं. मग एके दिवशी बोईसरच्या टॉकीजमध्ये तो लागणार अशी पोस्टरं चिकटली. रविवारी दुपारचा खेळ. गावच्या गावं टेम्पो भरून निघाली. प्रत्येकाला आपण पडद्यावर दिसणार याची खात्री होती, म्हणून प्रत्येकानं आपले पाहुणे बोलावले होते. टॉकीज पत्र्याच्या छपराचं होतं, पंखे कुरकुरणारे, दारांवरचे काळे पडदे फाटलेले, त्यातून उन्हाच्या रेघा आत यायच्या. पुढच्या बाकांवर आमच्याकडची माणसं, त्यांच्या मागे सुटीचा दिवस म्हणून आलेले कारखान्यातले यूपी-बिहारचे कामगार आणि सगळ्यात मागे खुर्च्यांवर कारखान्यांच्या वसाहतीतले साहेब लोक. अविनाश आपल्या आईवडिलांना घेऊन पडद्याजवळच्या दाराशी बसला होता. मास्तरांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. बाबा आले नव्हते. आत्या माझ्या आणि आईच्या मध्ये, हिरव्या साडीत.

सुरुवातीला शिट्ट्या पडल्या. जो तो स्वतःला शोधत होता. "ता बघ मी! ता बघ!" पण पडद्यावर माणसं नुसती उभी. मग समुद्र, म्हणजे समुद्र नाहीच, नुसता चिखल. कॅमेरा हलेचना. एका बाजूनं आवाज आला, "अरे, फिलम अडकली!" दुसरीकडून, "ऑपरेटर झोपला काय रे?" कामगारांपैकी एक जण मोठ्यानं म्हणाला, "भैया, ये लोग क्या देख रहे हैं? पानी तो है ही नहीं!" त्यावर सगळं टॉकीज हसलं. घूं घूं आवाज सुरू झाला तेव्हा लोकांनी वर पंख्याकडे पाहिलं.

मग माणसं नाहीशी व्हायला लागली. पहिल्याच सकाळी नाहीसे झाले ते दांडीचे पांडूतात्या. ते चिडून उभे राहिले. "मला का काढला? दिवसभर उनात उभा केला नं मला पयलाच काढला?" त्यांच्या बायकोनं त्यांना धोतर धरून खाली बसवलं. मग जो नाहीसा होईल त्याचे नातेवाईक बोंबलायला लागले. "कुठं गेला तो सांग!" "मासं कुठं गेलं ता तरी दाखव!" शास्त्रज्ञ यंत्र कानाला लावून बसला तेव्हा शेंगांची टरफलं पडद्यावर पडू लागली. मागच्या खुर्च्यांवरचा एक साहेब बायकोला घेऊन उठला आणि जाता जाता म्हणाला, "विज्ञानाचं नाव घेऊन काहीही दाखवतात." मलाही कंटाळा आला होता, हे मी आधीच सांगितलंय. मी अविनाशकडे पाहिलं. त्याची मान ताठ होती, पण त्याचे वडील दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसले होते.

आणि मग आत्या चिखलातून चालायला लागली. का कोण जाणे, लोक हळूहळू गप्प झाले. ती आत आत जात राहिली, आणि त्या फाटक्या टॉकीजमध्ये पहिल्यांदा पंख्यांची कुरकुर ऐकू आली. ती गुडघ्यावर बसली. तिनं झाकणावर वाजवलं आणि कान लावला. पडद्याएवढा तिचा चेहरा. घरात रोज बघितलेला चेहरा, पण असा मी कधी बघितला नव्हता; सगळा राग त्यावरून उतरलेला होता. माझ्या शेजारी खरी आत्या पुढे झुकली.

आतून आवाज आला. ठक. ठक.

आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली आणि दिवे लागले.

क्षणभर कोणाला कळलंच नाही की संपला. मग जे झालं ते मी त्यानंतर कुठल्याही थिएटरात पाहिलं नाही. "उघड ना!" "आत कोण हाय?" "पैसा वापस!" बाकं आपटायला लागली, एका बाकाचे पाय मोडले. कोणीतरी बाहेर जाऊन पोस्टर फाडलं. अविनाशवर टरफलं, विड्यांची थोटकं, एक चप्पलसुद्धा आली. मास्तर हात जोडून उभे होते, कोणाला ते त्यांनाही कळत नसावं. आणि त्यात कोणाला तरी आत्या दिसली. "ए कुसुम! तू वाजवलास ना? सांग आता, आत कोण होता?" दहा जणांनी ते उचललं. "सांग ना! कोण होता?" तेवढ्यात आमच्या शेजारच्या वाडीतला जगन ओरडला, "कोण असणार? नवरा असंल तिचा!"

सगळं टॉकीज हसलं. जे कामगार मनोरबद्दल काही जाणत नव्हते तेही हसले, कारण बाकीचे हसत होते. आई म्हणाली, "वन्सं, चला, मागच्या दारानं जाऊ." पण आत्या उठली ती सरळ पुढे गेली. लोकांना वाटलं आता ही जगनला धरणार. जगन मागे सरकलासुद्धा. ती त्याच्यापुढून गेली आणि अविनाशसमोर उभी राहिली.

"आत कोण होता?"

अविनाश म्हणाला, "कुसुमताई, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. न कळणं हीच त्यातली गंमत आहे."

"गंमत?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "तू आता घरी जाशील, जेवशील, झोपशील. तुला गंमत परवडते. न कळण्यात काय असतं ते माझ्या घरी रोज जेवलास तरी तुला दिसलं नाय?"

अविनाश अंगावरची टरफलं झटकू लागला.

"मी वाजवलं तेव्हा आवाज आला नाय. मी ऐकत होते. पाणी पायाला लागलं तरी ऐकत होते. मग हा आवाज कुठनं आला?"

"तो नंतर घातला. स्टुडिओत."

"कोणी वाजवलं?"

"माझ्या असिस्टंटनं. टेबलावर."

"म्हणजे आत कोणी नव्हतं."

"ताई, सिनेमात तसं नसतं—"

"होतं का कोणी? हो की नाय, तेवढं सांग."

अविनाशनं वडिलांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "नव्हतं," तो म्हणाला.

आत्या वळली. पदर खोचला, आणि विहिरीवरच्या इंजिनाला पुरून उरणाऱ्या आवाजात, सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असं ओरडली, "आत कोणी नव्हतं! ऐकलं का? कोणी नव्हतं! जावा आपापल्या घरी!"

आणि लोक खरंच गेले. सगळे नाही, तिकीट खिडकीपाशी पैशांसाठी आरडाओरडा संध्याकाळपर्यंत चालू होता म्हणे. पण आम्हाला वाट मिळाली. तो दाढीवाला मुलगा म्हणाला की या सिनेमाचा शेवट अनेक अर्थांना खुला आहे. असेल. आमच्यापुरता तो त्या दुपारी बंद झाला.

घरी बाबांना टेम्पोवाल्यानं आधीच सगळं सांगितलं होतं. "भर टॉकीजात तमाशा केलास," ते म्हणाले. "आता या गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाय." आत्यानं बोंबलाचं कालवण गरम केलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी जेवली. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. पुढचे काही दिवस गावातली पोरं आमच्या फाटकावर येऊन ठक ठक करायची आणि पळायची. "कुसुमबाय, आत कोण हाय?" बाबा काठी घेऊन धावायचे. पोरांवर चिडायचे की आत्यावर, ते कळत नसे.

मग एका सकाळी आंघोळ करून ती देवापाशी गेली आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून देवासमोर ठेवलं. मग आरसा घेतला आणि रोजच्यासारखं कुंकू लावलं. आई घाबरली. "वन्सं, हे काय?"

"गळ्याला ओझं होत होतं."

"मग कुंकू?"

"ते मी परकर नेसायची तेव्हापासून लावते. मनोरच्यांनी नाय दिलेलं."

त्याच दिवशी तिला मनोरला जायचं होतं. बाबांनी साफ नकार दिला, म्हणून तिनं मला घेतलं. पालघरला गाडी बदलून आम्ही दुपारी मनोरच्या बाजारात उतरलो. दुकान होतं तिथंच होतं, पण अर्ध्या फळ्या लावलेल्या आणि आत पोती थोडीच. तिची सासू गल्ल्यापाशी चटईवर बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मनात मी तिला मोठी धिप्पाड बाई केली होती. ही तर सुपातून उडून जाईल एवढीशी होती.

म्हातारीची नजर आधी आत्याच्या गळ्यावर गेली, मग कपाळावर. "खबर आली का कायी?" तिनं विचारलं. आवाज एकदम पातळ झाला होता.

"खबर नाय आली. येणार नाय. मी वाट बघायची सोडली, तेवढं सांगायला आले. मागनं कोणाकडनं कळायला नको."

"तू कोण सोडणार?" म्हातारी कडाडली. "तुझ्यामुळं गेला तो! तूच कायतरी बोललीस!"

"मी त्या दिवशी उठलेपण नव्हते, सासूबाई. तापानं पडले होते. तुमाला ठावं हाय. इतकी वर्षं मी आठवते हाय, झोपेत काय बोलले का, तापात काय बरळले का. आज शेवटचं विचारते. काय बोलले मी?"

रस्त्यावरून हायवेकडे जाणारा एक ट्रक गेला आणि दुकानातल्या बरण्या थरथरल्या. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातलं मापटं पालथं घातलं आणि म्हणाली, "तू कायी नाय बोललीस. माझ्याशी भांडला तो. दुकानावरनं. मी बोलले, तुझ्या बापानं उभा केला, तुला नुसता बसून खाता येतो. त्यानं ताट सारला नं उठला. मला वाटलं, सांजेला येल."

मला वाटलं आत्या आता काहीतरी फेकून मारेल. तिच्या हाताशी तांदळाचं पोतं होतं, त्यात तिनं मूठ घातली होती, आणि बोटांच्या फटींतून दाणे गळत होते.

"मग माझं नाव का घेतलंत?"

"आयनं पोर घालवला असं कोण सांगंल?" म्हातारी म्हणाली. "मला पेलवत नव्हता. तू तरणी होतीस. वाटलं, तुला पेलंल."

एक गिऱ्हाईक आलं, आमचे चेहरे बघून परत गेलं. मग आत्यानं मूठ उघडली, हाताला लागलेले दाणे झटकून पोत्यात टाकले.

"पेललं मी," ती म्हणाली. "आता तुमचं तुमी पेला."

ती पायरी उतरली. म्हातारीनं मागून "कुसुम" अशी एकदा हाक मारली. आत्या थांबली नाही. या वयाला आल्यावर मला कधीकधी वाटतं, थांबायला हवं होतं. पण तेव्हा मी तिच्या बरोबरीनं, खरं तर तिच्या पुढे, धावत होते. स्टँडवर तिनं भजी घेतली, माझ्या वाटणीचीही खाल्ली, आणि गाडीत खिडकीशी बसून पालघर येईपर्यंत शांत झोपली. मी मात्र सबंध रस्ता रडत होते, आणि शेजारची बाई मला माहेर सुटलं का ग म्हणून समजावत होती.

पुढच्याच आठवड्यात आत्यानं बोईसरच्या औषधांच्या एका कारखान्यात कामाची विचारणा केली. गोळ्यांची पाकिटं भरायला बायका हव्या होत्या. बाबा म्हणाले, तिकडं गेलीस तर माझ्याशी बोलू नको. ती गेली, आणि बाबा खरोखर बरीच वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. तरी पावसात रस्ता खराब असला की ते तिला फाटकापाशी कंदील घेऊन उभे दिसायचे. पहिल्या दिवशी तिला सोडायला मी गेले होते. दाराशी टेबल टाकून एक मुकादम बसला होता, उत्तरेकडचा, घाईत असलेला.

"नाम?"

"कुसुम."

"पति का नाम?"

मागे बायकांची रांग होती, त्यांतल्या दोघीतिघी आमच्याच गावच्या, त्या दुपारी टॉकीजमध्ये हसलेल्या. सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. मुकादमानं मान वर करून तिच्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं आणि त्याचाही गोंधळ झाला.

"है कि नहीं है?" त्यानं विचारलं.

"मालूम नाय," आत्या म्हणाली. "काम बताव."